शटडाउन घेतल्याशिवाय हात नाही

भाड्याची खोली बघायला गेले, त्या दिवशी काकांनी मला खोली सगळ्यात शेवटी दाखवली. आधी मेन स्विच दाखवला. मग गॅसचा कॉक. मग जिन्याच्या एका पायरीचा फुटका कोपरा, ज्याला त्यांनी भडक पिवळा रंग दिला होता. मग अंगणात नेऊन मला मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, झाडाखाली उभं केलं आणि म्हणाले, "आग लागली, भूकंप आला, काही बी झालं, तं चप्पल नाही घालाची, पर्स नाही शोधाची. सीधं इथी येऊन उभं राहाचं. सगळे इथीच जमा होतीन. मग मोजणी करू."

"सगळे म्हणजे कोण, काका?"

"मी, काकू आन् तू."

तेवढ्यात काकू हात पुसत बाहेर आल्या. "मुनग्याची फांदी सगळ्यात पयले मोडते," त्या म्हणाल्या. "भूकंपात हे झाडच पडन तिच्या डोक्यावर."

काकांनी वर बघितलं. बराच वेळ बघत राहिले. मग मला फाटकापाशी नेलं, तिथे उभं केलं आणि तेच भाषण पहिल्यापासून पुन्हा दिलं.

खोली चांगली होती. मी राहिले.

घर भिलाईच्या नेहरू नगरात, हायवेपासून एक गल्ली आत. मी भंडाऱ्याहून इथल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायला आले होते. काका जन्मभर पोलादाच्या प्लांटात, सेफ्टी विभागात. निवृत्त झाले तेव्हा प्लांट सुटला, सेफ्टी सुटली नाही. पूर्वी त्यांच्या देखरेखीखाली भट्ट्या होत्या, क्रेन होत्या, आता काकू होत्या. आणि मी आल्यावर मी.

बल्ब बदलायचा असला तरी काका हेल्मेट घालत. शिडी काकूंनी धरायची आणि नुसती धरून भागत नसे, "धरली" असं मोठ्यानं म्हणावं लागे. काकूंनी म्हटलं नाही, की काका पहिल्याच पायरीवर थांबून राहत. एकदा काकू रुसल्या होत्या. शिडी धरली, पण तोंड उघडलं नाही. काका पहिल्या पायरीवर हेल्मेट घालून उभे, काकू खाली शिडी धरून उभ्या आणि मधे अंधार. शेवटी मीच जिन्यातून ओरडले, "धरली!" तर काका म्हणाले, "जिनं धरली तिनंच म्हणावं लागते."

त्यांच्याकडे एक लाल पुठ्ठा होता. दोरी ओवलेला, वर पांढऱ्या रंगात लिहिलेलं: काम चालू आहे, स्विच लावू नये. मिक्सर उघडला की पुठ्ठा प्लगावर. टाकी धुवायची की पुठ्ठा मोटारीच्या बटणावर. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा काकांनी तो स्वतःच्या खोलीच्या दाराला अडकवला आणि निवांत झोपले. भेटायला आलेले नातेवाईक पुठ्ठा वाचून परत गेले.

पौर्णिमेला विहारात सगळे वंदना म्हणत असताना काका मेणबत्ती आणि पडदा यांच्यातलं अंतर बघत असत. तिथली वाळूची बादलीही त्यांनीच आणून ठेवलेली. लोक तिच्यात अगरबत्त्या खोचत आणि काका त्या एकेक करून उपटत.

पण त्यांचा खरा जीव होता तो 'नियर मिस'वर. म्हणजे जे होता होता राहिलं, ते. एकदा मी टेबलाच्या अगदी काठावर काचेचा ग्लास ठेवला. काकांनी तो आत सरकवला आणि मला समोर बसवून घेतलं.

"पण पडला नाही ना, काका."

"नाही पडला. म्हणून तं बोलून राहिलो. पडला असता तं झाडू आणला असता, बोललो कावून असतो?"



घाई या गोष्टीचा त्यांना मनापासून राग होता. "उशीर झाला तं माफी मागता येते," असं ते म्हणत आणि वाक्य तिथेच सोडून देत. उरलेलं अर्धं ज्याचं त्यानं समजायचं.

मी मात्र त्या वर्षी पूर्ण घाईत होते. माझी पीएच.डी. चालू होती, दुर्ग-भिलाईच्या आसपासच्या पालेभाज्यांवर. इथल्या माणसाला पालेभाजीचं भारी वेड. चेच, अमारी, बोहार, करमत्ता, मुनगा. आपल्याकडे ज्याला तरोटा किंवा टाकळा म्हणतात तो इथे चरोटा होतो आणि आवडीनं खाल्ला जातो. मी कॉलेज सुटल्यावर उतईच्या बाजारात जाऊन बसायची. विकणाऱ्या बायांशी बोलायची, रेकॉर्ड करायची, पानांचे, देठांचे, फुलांचे फोटो काढायची. बोहारची भाजी उन्हाळ्यात थोडेच दिवस येते. ते दिवस चुकले की पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबायचं. असे कितीतरी उन्हाळे-पावसाळे माझ्या लॅपटॉपात जमा झाले होते.

आणि तो लॅपटॉप माझ्या भावानं वापरून सोडलेला. बटण दाबायचं, आंघोळीला जायचं, केस विंचरायचे, डबा भरायचा, तरी पडद्यावर ते गोल चक्र फिरतच असायचं. फोटो उघडायचा तर कुणीतरी गंजलेलं शटर खाली ओढावं तसा वरून पट्टीपट्टीनं उतरायचा. आतून घरघर यायची. हल्ली मधूनच टक् असा आवाजही यायला लागला होता. गाईड मॅडमनी सांगितलं, आता प्रबंध जमा कर, नाहीतर मुदत संपेल. मी एक प्रकरण उघडायला सकाळ घालवत होते.

कॉलेजातल्या एकानं सांगितलं, "जुनी हार्ड डिस्क काढ, एसएसडी टाक. नवा होऊन जाईल." मी ऑनलाइन मागवली. पत्त्यांच्या कॅटएवढी, पण चपटी, वजनाला काहीच नाही. व्हिडिओत एक हसरा माणूस दहा मिनिटांत बदलून दाखवत होता. आधी नवी डिस्क केबलनं बाहेरून जोडायची, जुनीतलं सगळं जसंच्या तसं तिच्यात उतरवायचं, मग मागचं झाकण उघडून जुनी काढायची, नवी बसवायची. झालं.

रविवारी सकाळी मी व्हरांड्यात सतरंजीवर लॅपटॉप घेऊन बसले. झाकणाचे स्क्रू ढिले होतात का ते आधीच बघून ठेवावं म्हणून स्क्रूड्रायव्हर हातात घेतला, एवढ्यात काका दुधाची पिशवी घेऊन फाटकातून आत आले.

"थांब!"

मी दचकले. स्क्रूड्रायव्हर हातातून सटकला.

"काय करून राहिली?"

मी सांगितलं. दहा मिनिटांचं काम आहे, असंही म्हटलं.

"शटडाउन घेतलं?"

"हो काका, शटडाउन केलाय. हे बघा, स्क्रीन काळी."

"त्याले शटडाउन नाही म्हणत बेटा, त्याले झोपवणं म्हणतात. बॅटरी काढली? प्लग काढला? पुठ्ठा कुठी हाय?" मग पिशवी खाली ठेवून ते माझ्यासमोर उकिडवे बसले. "अच्छा, हे सांग. खोललं आन् वापस सुरू नाही झालं, तं काय जाते?"

"काही नाही जात. असं कुठे होतं?"

"होते का नाही ते नाही विचारलं. झालं तं काय जाते?"

"प्रबंध जातो."

"दुसरी कॉपी?"

"थोडी आहे. मेलमध्ये. जुनी."

"फोटो?"

मी लॅपटॉपवर बोट ठेवलं. सगळे यातच होते.

काकांनी स्क्रूड्रायव्हर उचलला, खिशात घातला आणि उठले. "काम बंद."

"काका, माझ्याकडे वेळ नाहीये!"

"आज काम बंद म्हणजे बंद."

"काका, हे तुमचं प्लांट नाही. लॅपटॉप आहे माझा!"

मी पहिल्यांदाच त्यांच्याशी आवाज चढवून बोलले होते. ते वळले नाहीत. दूध घेऊन आत गेले. मी धाडधाड जिना चढून खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. मनात म्हटलं, दुसरी खोली बघायची. जिथे घरमालक फक्त घरमालक असेल.

थोड्या वेळानं दारावर टकटक झाली. काका, हातात एक न उघडलेला डबा. त्यांच्या जावयानं भेट दिलेली पोर्टेबल डिस्क. वर्षानुवर्षं कपाटात पडली होती, कारण तिच्यासोबत आलेलं माहितीपत्रक काकांचं अजून वाचून झालं नव्हतं.

"पयले इच्यात सगळं उतरव," ते म्हणाले. "मंग जे खोलाचं ते खोल. मी नाही रोकत."

खरं तर रोकत होतेच. पण मी डबा घेतला.

त्या लॅपटॉपच्या चालीनं कॉपी करायची म्हणजे दिवस गेला. काकांनी लॅपटॉप खाली त्यांच्या बैठकीत, भिंतीला लागून ठेवायला लावला, टेबलफॅन त्याच्याकडे वळवला आणि समोर खुर्ची घेऊन बसले. कुणी जवळून गेलं की म्हणत, "हळू. वायर." काकूंनी दोनदा जेवायला बोलावलं. ताट तिथेच मागवलं गेलं.

"माह्या बाळंतपणात हे एवढे नाही बसले," काकू मला म्हणाल्या.

"तुह्या वक्ती डॉक्टर होता," काका म्हणाले. "इथी कोण हाय?"

ती लांबलचक दुपार होती. पडद्यावरची हिरवी पट्टी मुंगीच्या पावलानं सरकत होती. माझा राग निवला होता, तरी अबोला पुरता मोडला नव्हता. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "काका, तुम्ही प्लांटातून रिटायर झालात तेव्हा मोठा कार्यक्रम झाला असेल ना?"

"झाला ना. आमी तिघं एकाच दिवशी रिटायर झालो. एकानं नवी लाइन टाकली होती, त्याची फिल्म दाखवली. दुसऱ्यानं रेकॉर्ड उत्पादन काढलं होतं, त्याचे फोटो लावले. मंग माह्याबद्दल बोलाले साहेब उठले." काका थोडं हसले. "साहेबानं माइक धरला आन् म्हणे, इनके रहते... आन् अडकले. मंग म्हणे, इनके रहते कुछ हुआ ही नहीं."

"मग?"

"पूरा हॉल हसला. टाळ्या बी वाजल्या. साहेब चांगला माणूस होता, त्याले चांगलंच म्हणाचं होतं." ते हिरव्या पट्टीकडे बघत होते. "मी बी हसलो. पण घरी येतायेता वाटलं, खरंच, मी दाखवू काय? जो माणूस पडला नाही, त्याचा फोटो कुठून आणू? त्याले सोताले बी माहीत नाही का तो पडणार होता. संध्याकाळी डबा हलवत घरी गेला असन, बायकोवर खेकसला असन, का भाजीत मीठ नाही म्हणून."

काकू दारात उभ्या होत्या. हातातल्या फडक्याची त्यांनी उगाचच घडी घातली. "आन् त्याच्यानंतर मले शिडी धराले लावून राहिले," त्या म्हणाल्या. आम्ही तिघंही हसलो, आणि अबोला संपला.

संध्याकाळी पट्टी भरली. मी म्हटलं, झालं. काका म्हणाले, "मशीन म्हणते झालं. तू उघडून पाह्य." त्यांनी मला कुठलेही फोटो उघडायला लावले. चेच उघडली. बोहार उघडली. उतईच्या एका आजीचा आवाज उघडला, अमारीची भाजी कशी रांधायची ते छत्तीसगढीत सांगणारा. काकूंनी तो पूर्ण ऐकला आणि म्हणाल्या, "इतके फोटो काढले वं, पण शिजवलेल्या भाजीचा एक बी नाही?"

दुसऱ्या दिवशी कॉलेजातून आल्यावर मी नवी डिस्क केबलनं जोडली आणि जुनीतलं सगळं तिच्यात उतरवायला लावलं. काका खुर्चीत होतेच. थोडं पुढे गेलं असेल नसेल, आतून आवाज आला. टक्. मग टक्-टक्. मग कुणीतरी नखानं पत्रा वाजवावा तसा सलग टकटकाट. चक्र थांबलं. पडदा निळा झाला, मग काळा.

मी बंद केला, चालू केला. काळ्यावर पांढरी अक्षरं आली: डिस्क सापडत नाही. पुन्हा केलं. तेच. सगळं माझ्या डोळ्यांसमोरून सरकलं, ते उन्हाळे, त्या बाया, बोहारची ती फुलं. काकांनी माझ्या हातातून लॅपटॉप काढून घेतला, प्लग काढला, बॅटरी काढली आणि मला खुर्चीत बसवलं. काकूंना पाणी आणायला सांगितलं.

"आता हळूहळू सांग," ते म्हणाले. "काय गेलं?"

"डिस्क गेली."

"नवी हाय. आणखी?"

"विंडोज गेलं."

"ते बजारात भेटते का नाही?"

"मिळतं. पेनड्राइव्हवरून टाकता येतं."

"मंग तुह्यं काय गेलं?"

मी मान वर केली. कपाटाच्या वरच्या फळीवर, पुन्हा डब्यात घालून ठेवलेली जावयाची डिस्क होती. काल मी व्हिडिओतल्या माणसाचं ऐकलं असतं, तर आज या घरात काय झालं असतं?

"काहीच नाही गेलं, काका," मी म्हटलं आणि मला रडूच फुटलं.

काका मात्र उठून उभे राहिले होते. चेहरा असा उजळला होता जणू त्यांना मुलगा झाला. "नियर मिस!" ते ओरडले. "अवं ऐकलं का? घरात नियर मिस झाला! चौकातून जिलबी आणतो." चप्पल घालून ते खरंच निघाले आणि काकू मागून म्हणाल्या, "हळू जा, घाई नका करू." असं काकू काकांना म्हणाल्याचं मी तेवढं एकदाच ऐकलं.

जिलबी खाऊन हात साबणानं धुतल्यावर शटडाउन घेण्यात आलं. घेण्यात आलं असंच म्हणायला हवं, इतकं ते सरकारी होतं. लाल पुठ्ठा बोर्डावर. काकू मेन स्विचपाशी पहाऱ्यावर. काकांनी हेल्मेट घातलं आणि मलाही एक दिलं. "लॅपटॉप उघडायला हेल्मेट?" मी विचारलं. "पंखा वरते हाय," ते म्हणाले. अंगातली वीज डिस्कला लागू नये म्हणून मला आधी खिडकीच्या लोखंडी गजाला हात लावायला लावला. कागदावर लॅपटॉपच्या पाठीचं चित्र काढून जो स्क्रू जिथला, तो त्याच जागी ठेवायचा. मी काम करायचं, काकांनी टॉर्च धरून बोलायचं आणि मी तेच परत म्हणायचं.

"झाकण काढतो."

"काढते."

"जुनी डिस्क मागं ओढतो."

"ओढते."

"हळू."

"हळूच ओढून राहिली, काका!"

माझ्या तोंडून ते 'राहिली' कसं गेलं मलाच कळलं नाही. भंडाऱ्यातही मी कॉलेजात गेल्यापासून घराबाहेर असं बोलत नव्हते. काकांच्या हातातला टॉर्च जरा हलला, एवढंच.

नवी डिस्क बसली. एकही स्क्रू उरला नाही. दुसऱ्या दिवशी कॉलेजातून विंडोज भरून आणलेल्या पेनड्राइव्हनं पुढचं काम केलं आणि मग मी लॅपटॉप बंद करून सगळ्यांसमोर पुन्हा बटण दाबलं. काकू म्हणाल्या, "मी तवर चहा ठेवते," आणि वळल्या. वळेपर्यंत तो सुरू झालेला होता.

काकांना हे पटलं नाही. त्यांनी वाकून लॅपटॉपला कान लावला. "आवाज नाही येत."

"हिच्यात फिरणारं काही नसतं, काका."

"फिरत नाही, वाजत नाही, गरम बी नाही. जिवंत हाय हे समजाचं कसं?" त्यांनी मला तो पुन्हा बंद करून चालू करायला लावला. मग पुन्हा. इतक्या लवकर झालेल्या कामावर त्यांचा विश्वास बसायला पुढचा पंधरवडा गेला. मेलेली डिस्क त्यांनी मागून घेतली, शटडाउन घेऊन उघडली आणि आतली आरशासारखी चकचकीत चकती काकूंना दिली. काकूंनी ती स्वयंपाकघरात खिळ्याला टांगली. टिकली लावायला बरी पडते, म्हणाल्या.

प्रबंध मुदतीत जमा झाला. शिजवलेल्या भाज्यांचं एक प्रकरणही त्यात आलं, काकूंच्या हातचं.

पुढे व्हायव्हाची तारीख आली. काका-काकू दोघंही विद्यापीठात आले. काकू लग्नाला जावं तशी साडी नेसून, काका इस्त्रीच्या शर्टात. मी हॉलमध्ये पोचले तेव्हा काका आधीच तिथे होते आणि जमिनीवर गुडघे टेकून बसले होते. प्रोजेक्टरची वायर दारापासून टेबलापर्यंत वाटेत आडवी पडली होती. खिशातून काळी चिकटपट्टी काढून ते ती वायर जमिनीला चिकटवत होते. वीतभर चिकटवायची, तळव्यानं दाबायची, पुढे सरकायचं. शिपाई कमरेवर हात ठेवून बघत होता.

बाहेरून आलेले परीक्षक वयस्कर होते. जाड चष्मा, हातात फायलींचा गठ्ठा, गाईड मॅडमशी मागे वळून बोलत ते आत शिरले. काळ्या पट्टीवरून तसेच चालत गेले, खुर्चीत बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "हां, शुरू कीजिए."

मी उभी राहिले. पडद्यावर चेच भाजीचं हिरवंगार पान क्षणात उमटलं. धीर यावा म्हणून मी शेवटच्या रांगेकडे बघितलं. काकूंनी मान हलवली, बोल म्हणून. काकांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. ते मान वर करून परीक्षकांच्या डोक्यावरच्या पंख्याकडे बघत होते. पंखा जरासा डुलत होता. मी पहिलं वाक्य सुरू केलं आणि काका पावलं न वाजवता भिंतीच्या कडेकडेनं रेग्युलेटरकडे निघाले.